कपाशीच्या धुऱ्यावर निरोधाची शिकवणी

आफ्रिकेतल्या मलावीत दोन वर्षं काढून मी गेल्या उन्हाळ्यात नागपूरला परतले. मी पेशानं नर्स. तिथल्या डेड्झा जिल्ह्यात गावोगाव हिंडायचं आणि सुरक्षित संबंध, निरोध, एचआयव्हीची तपासणी हे सगळं शिकवायचं, असं काम होतं. परतल्यावर एका मैत्रिणीचा फोन आला. तिची छोटी संस्था यवतमाळ आणि गडचिरोलीत आशाताईंबरोबर काम करते. "तिकडं एवढं शिकवलंस, आता आठवडाभर आपल्या गावांत ये," म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. परक्या देशात, परक्या भाषेत जमलं, मग आपल्या मुलखात काय अवघड आहे? या "काय अवघड आहे"चीच ही हकीकत.

पहिला दिवस : नागपूर ते सेवाग्राम

२६ नोव्हेंबर. सकाळी तर्री-पोहे खाऊन निघालो. मैत्रीण, मी आणि गाडी चालवणारे दादा. थंडी नावालाच होती, पण रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागले होते. डिकीत संत्र्यांच्या पिशवीशेजारी निरोधाची खोकी आणि निरोध चढवून दाखवायचा माझा लाकडी नमुना. दादांनी तो कापडात गुंडाळून ठेवला, कसला ते विचारलं नाही.

सेवाग्रामला शाळेच्या सहलीत आले होते, तेव्हा तिथला टेलिफोन तेवढा लक्षात राहिला होता. या वेळी परचुरे कुटीशी पाय थांबले. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना कुष्ठरोग झाला, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी मालिश केली. त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचं औषध नव्हतं. एचआयव्ही अजूनही पूर्ण बरा होत नाही, पण रोजच्या गोळ्यांवर माणूस इतरांसारखं आयुष्य काढतो, आणि ही औषधं २००४ पासून सरकारी एआरटी (म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराच्या) केंद्रांत फुकट मिळतात. तरी शेजारच्या घरचा कप वेगळा ठेवणारी माणसं मी नागपुरातही पाहिली आहेत.

रात्री खोलीत मैत्रिणीसमोर रंगीत तालीम केली. "संभोगाच्या वेळी शिश्नावर..." इतकं म्हटलं आणि ती उशीत तोंड घालून हसायला लागली. "हे बारावीचं जीवशास्त्र झालं! खेड्यातली बाई म्हणेल, पेपर कधी आहे?" बरं, मग बोलीतले शब्द घ्यावेत, तर ते सगळे शिव्यांमध्ये गेलेले. मलावीतल्या चिचेवा भाषेत संबंधाला "कुगोनाना" म्हणतात. एकमेकांजवळ झोपणं, असा त्याचा अर्थ. हा शब्द मी तिथं शे-दीडशे माणसांसमोर, त्यांच्या गावप्रमुखाच्या तोंडावर, बिनदिक्कत उच्चारला होता. त्या शब्दाला माझ्या जिभेवर चवच नव्हती, म्हणून लाजही नव्हती. त्या रात्री हे पहिल्यांदा कळलं. झोप उशिरा लागली.

दुसरा दिवस : राळेगाव तालुका, मामाचं गाव

देवळीवरून वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. कळंबहून राळेगावकडे वळलो. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, मधल्या ओळींत तूर. ज्या गावात पहिली सभा होती, ते माझ्या मामाचं गाव निघालं. मैत्रिणीनं हे मुद्दाम केलं की योगायोगानं झालं, ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मामींनी भाजलेल्या वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी असं पान वाढलं. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला. भाव वाढेल म्हणून राखून ठेवलेला. लहान पोरं त्यावर उड्या मारत होती आणि मामी ओरडत होत्या. रात्री आम्ही त्याच्याच शेजारी झोपलो. (ज्यांना असा मुक्काम घडेल त्यांनी अंगभर कपडे घालून झोपावं. साठवलेल्या कापसानं अंगाला सुटणारी खाज काय असते, ते मी तीन दिवस भोगलं.)

सभा संध्याकाळी सातला, समाजमंदिरात. बावीस बाया आल्या. पहिल्या रांगेत मामी. सुरुवात छान झाली. एचआयव्ही कशानं पसरतो? असुरक्षित संबंध, बाधित रक्त, एकमेकांच्या सुया, आणि आईकडून बाळाला. कशानं पसरत नाही? डास, एकत्र जेवण, एकच नळ, हातात हात घेणं. इथपर्यंत गाडी सुरळीत. मग निरोधाची पाळी आली. मी खोक्यात हात घातला, मामींकडे नजर गेली, आणि माझ्याच आवाजात मला ऐकू आलं, "तर अशा वेळी सुरक्षित साधनांचा वापर करावा."

मागून एकीनं विचारलं, "कोनतं साधन बाई? फवारनीचं?"

कुणीही हसलं नाही, कारण प्रश्न खरा होता. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हापासून इथं सुरक्षा साधनं म्हणजे मास्क, हातमोजे, चष्मा. मी "नाही, म्हणजे... दुसरं" असं काहीतरी म्हणाले आणि विषय गरोदरपणातल्या तपासणीवर नेला. पंधरा वर्षं नोकरी झालेली नर्स!

सभा संपल्यावर सरपंच भेटले. माणूस भला, काळजीनं बोलत होता. "आमच्या गावात कितीजन हायेत, त्याची यादी देऊन टाका, म्हंजे आमी सांभाळून घेऊ." त्यांना समजावलं की अशी यादी कुणालाच देता येत नाही. एचआयव्हीबाबतचा कायदा २०१७ साली झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माणसाच्या संमतीशिवाय तपासणी नाही आणि त्याच्या संमतीशिवाय कुणाला सांगणंही नाही. "मंग लग्नाच्या आधी पोट्ट्याची जबरदस्तीनं तपासनी?" तीही नाही. दोन्ही घरांनी राजीखुशीनं करून घेतली तर उत्तमच. त्यांचं पूर्ण समाधान झालं नाही, पण चहा पाजला.

तिसरा दिवस : धुऱ्यावर

सकाळी आशाताई आल्या. बुटक्या, काटक, पायात निळी चप्पल. म्हणाल्या, "ताई, काल तुमी सासवाइच्या समोर सुनाइले शिकवून रायल्या होत्या. कोन बोलीन? चला माह्यासंग वेचनीले."

कमरेला ओटी बांधून मीही वेचायला लागले. बोंडाच्या वाळक्या टोकांनी पहिल्या तासातच बोटं सोलली. पण काय ऐकायला मिळालं! दोन ओळींत दोन बाया पाठमोऱ्या, हात चालू, तोंड चालू, कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. समाजमंदिरात ज्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता, त्याच इथं "मालक जवळ आला", "जागेवर आग होते", "धुपनी जाते" (म्हणजे अंगावरून पांढरं जातं) हे शेणा-पाण्यासारखं बोलत होत्या. पुस्तकी नाही, शिवीही नाही, असे शब्द इथं सगळे होते. मी वेचत होते कापूस, पण मनात शब्द भरून घेत होते.

दुपारी धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, लिंबाखाली शिदोऱ्या सुटल्या. माझा नमुना गाडीत आणि गाडी गावात. मलावीत अशा वेळी मक्याचं कणीस कामी यायचं. इथं कुणीतरी लाटणं आणायचं सुचवलं, तर दुसरी खेकसली, "अन् संध्याकाळी त्याच्यानंच पोया लाटू काय?" शेवटी एका म्हाताऱ्या मावशींनी आपला ईळा पुढं केला. पातं मातीत रोवलं, लाकडी मूठ वर.

मग शिकवलं ते असं. आधी पाकिटावरची तारीख बघायची. पाकीट बोटांनी दाबायचं, आत हवेची उशी लागली पाहिजे. कडेनं फाडायचं, दातांनी नाही. टोक चिमटीत धरून हवा काढायची आणि पुरुषाचं अंग ताठ झाल्यावर, जवळ जाण्याआधी, पार मुळापर्यंत उलगडायचं. काम झाल्यावर लगेच, बुडाशी धरून, बाजूला व्हायचं. गाठ मारून कागदात गुंडाळून टाकायचं. एक निरोध एकदाच. एकावर एक दोन चढवायचे नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खोबरेल तेल लावायचं नाही, व्हॅसलीनही नाही. तेलानं रबर फाटतं. हे ऐकून तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. ओलसरपणा हवाच असेल, तर औषधाच्या दुकानात पाण्यापासून केलेली, तेल नसलेली जेली मिळते.

ईळ्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, "माह्या ईळ्याले आता थंडी वाजनार नाई!" आणि सगळा धुरा हसला. त्या हसण्यानंतर खरे प्रश्न आले.

पहिला प्रश्न मी मलावीतही ऐकला होता, पण इथं तो अधिक टोकदार निघाला. "माह्यं ऑपरेशन झालं. मंग निरोध कायले?" आपल्याकडे निरोध आला तोच कुटुंबनियोजनाच्या पिशवीतून. १९६८ पासून सरकारनं तो पोरं थांबवायचं साधन म्हणूनच गावोगाव पोचवला. दोन-तीन लेकरांवर बाईचं ऑपरेशन झालं की घरातलं निरोधाचं काम संपलं. ऑपरेशननं गर्भ थांबतो, रोग थांबत नाही, हे वाक्य मी त्या दुपारी निदान सहा वेळा बोलले असेन. तरी एकीनं पुढचं विचारलंच. "नवऱ्याले म्हनलं तर तो इचारीन, माह्यावर इस्वास नाई का, का तूच कुठी गेलती?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मलावीत पुरुष म्हणायचे, कागदासकट मिठाई कशी खायची? तिथं निदान निरोध न वापरायचं कारण चवीचं होतं. शिवाय तिथं दर शंभर प्रौढांत साधारण सात ते नऊ जणांना एचआयव्ही आहे. असं घर सापडत नाही की ज्यानं कुणाची मयत पाहिली नाही. भारतात हे प्रमाण हजारात दोनच्या आसपास. ही चांगली गोष्ट, पण म्हणूनच निरोधाचं नाव काढणं म्हणजे जोडीदारावर आरोप ठेवणं होऊन बसतं. उत्तर आशाताईंनी दिलं. "इस्वासाचं नाव कायले काढता? धुपनी जाते म्हना. सिस्टरनं सांगतलं, औषध चालू हाये तवरक वापरा म्हना." मैत्रिणीनं कपाळाला हात लावला, कारण हे थोडं खोटं आहे. मला मात्र वाटतं, हे खोटं बाईला आजची रात्र तरी निभावून देतं. शिवाय अंगावरून जाणं, खाज, फोड असेल तर दोघांनीही तपासून घेऊन लागेल ते औषध घेतलं पाहिजे हे खरंच आहे, आणि अशा जखमांतून एचआयव्ही लवकर शिरतो हेही खरं.

एक कोवळी सून, पाचव्या महिन्यातली, शेवटपर्यंत गप्प होती. उठताना हळूच म्हणाली, "माय बाधित असली तर लेकरू बाधितच होते ना?" नाही. काहीच उपचार नसेल तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. आईनं औषधं नीट घेतली तर पाचांच्या आत. मलावीनं २०११ साली एक धाडस केलं. औषध कधी सुरू करायचं ते रक्तातल्या पेशी मोजून ठरवायचे आणि ती मोजायची यंत्रं गावोगाव नव्हती, म्हणून ठरवलं की गरोदर बाईला एचआयव्ही निघाला की मोजत बसायचं नाही, आयुष्यभराचं औषध त्याच दिवसापासून. पुढं इतर देशांनी ही रीत उचलली. त्या सुनेनं एवढं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तिथल्या बाया बी वेचनीले जातात का?" म्हटलं, कापूस तिथंही होतो.

जाण्याआधी उपकेंद्राच्या मागच्या भिंतीला, धुण्याच्या दगडाशेजारी, बिस्किटाचा रिकामा डबा टांगला. आत साठ निरोध. पुढच्या दारात ठेवलेला डबा वर्षभर भरलेलाच राहतो, असं आशाताई म्हणाल्या. जागाही त्यांनीच निवडली.

वेचणीच्या दिवसांत असं काम करायचं असेल तर सभेची वेळ दुपारच्या शिदोरीची ठेवावी. संध्याकाळी बाया थकलेल्या असतात आणि चूल वाट बघत असते. बाया आणि पुरुष वेगळे बसवावेत. आणि थोडीशी का होईना, शिदोरी आपलीही न्यावी.

चौथा दिवस : करंजी, पांढरकवडा

सकाळी एका आश्रमशाळेत नववी-दहावीच्या मुलांसमोर बोलायचं ठरलं होतं. पोचलो तर मुख्याध्यापकांनी पाणी दिलं आणि सांगितलं, मुलांना असलं काही नको, त्यापेक्षा 'एड्स : एक शाप' यावर निबंध स्पर्धा घेऊ, बक्षीस तुम्ही द्या. मी बक्षीस दिलं नाही. परवानगीचं पत्र आधी लेखी घ्यावं, हा धडा. २००७ साली महाराष्ट्रानं शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं होतं, तेव्हाची ती भीती अजून कार्यालयांच्या कपाटांत आहे. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असतं. फाटकाशी घुटमळणाऱ्या दोन पोरांना तेवढं सांगून आलो.

रिकामी झालेली संध्याकाळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वरच्या एका ढाब्यावर गेली. नागपूर-हैदराबादच्या मधला हा पट्टा, इथं रात्री ट्रकांची रांग लागते. सावजी रश्श्यानं नाकातून पाणी काढलं. शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर आमची खोकी पाहून हसला. "मॅडम, अपने पास हमेशा रहता है." आणि केबिनमधून पाकीट आणून दाखवलं. समोरच्या काचेखाली, इंजिनाच्या उष्णतेवर, कोण जाणे किती महिने पडलेलं. दाबून पाहिलं तर हवा गेलेली. फाडलं तर रबर कोरडं, चिकटलेलं. विदर्भातल्या उन्हाळ्यात गाडीतला निरोध टिकत नाही, आणि पँटच्या मागच्या खिशातलाही नाही. त्याला नवी पाकिटं दिली आणि बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवायला सांगितलं.

दुसऱ्यानं विचारलं, फाटला तर? बहात्तर तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठायचं. जितक्या लवकर, तितकं बरं. लागण टाळणारी औषधं अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात. मोबाइलमध्ये १०९७ हा नंबर जपून ठेवा, फुकट आहे, नाव विचारत नाहीत. चारपाच जणांनी तिथंच नंबर टाकून घेतला. एकानं तो "मामा" या नावानं जपला.

पाचवा दिवस : गडचिरोलीकडे

दिवसभर प्रवास. वणीला कोळशाच्या ट्रकांमागे तासभर धूळ खाल्ली, वरोरा, चंद्रपूर, मग मूल-सावलीचा धानाचा पट्टा. कपाशी संपली. कापलेल्या धानाचे भारे, आणि व्याहाडनंतर वैनगंगेचं रुंद पात्र, उतरत्या उन्हात.

गडचिरोलीत शिरताना मला नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचलेला एक निबंध आठवत होता. याच जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग यांनी ६५० बायांची तपासणी केली आणि १९८९ साली ते निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. शंभरातल्या ब्याण्णव बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि बहुतेकींना आयुष्यात कुणी तपासलंच नव्हतं. तोपर्यंत ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण, एवढंच धरलं जाई. धुऱ्यावर जे ऐकलं ते त्या निबंधात आकड्यांत होतं.

सहावा दिवस : धानोरा तालुका

१ डिसेंबर, जागतिक एड्स दिन. गाव जंगलात, वीस-पंचवीस घरांचं. इथले पुरुष धान संपल्यावर मिरची तोडायला तेलंगणात जातात, कुटुंबं सोबत असतात किंवा नसतात. बाया गोंडी बोलणाऱ्या. दुभाषी म्हणून तिथलीच तरुण आशाताई, बारावी शिकलेली, मराठी फर्डी. ईळ्याचा प्रयोग मी आता सराईतपणे मांडला. राळेगावचे शब्द तोंडात बसले होते. एकही शब्द अडला नाही.

अडली ती दुभाषी. मी म्हटलं, "पुरुषाचं अंग," आणि ती गप्प. मराठीत सकाळपासून माझ्याशी "निरोध", "संबंध", "गुप्तरोग" धडाधड बोलणारी मुलगी, गोंडीत सांगायची वेळ आली तशी कानापर्यंत लाल झाली. समोर तिची आत्या बसलेली. मला मामी आठवल्या. "थांब, घाई नको," म्हटलं, आणि आम्ही जेवायला उठलो. नव्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ, नदीतली लहान मासळी. जेवताना आत्याबाईच तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. काय, ते मला कळलं नाही. मलावीत मुलींना वयात आल्यावर शिकवणाऱ्या प्रौढ बाया असतात, त्यांना "आनानकुंग्वी" म्हणतात. तिथं आम्ही आधी त्यांना शिकवायचो, मग त्या गावाला. जेवण झाल्यावर ती मुलगी उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. मध्ये दोनदा हशा पिकला. कशावर, ते मी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर गडचिरोलीजवळ रेंज आली आणि राळेगावच्या आशाताईंचा फोन. "ताई, डबा खाली झाला. आनखी पाठवा."

"तीन दिवसांत साठ? पोरांनी फुगे केले असतील हो."

"चार-पाच फुगे दिसले बा शाळेमागं," त्या म्हणाल्या. "बाकीच्याचं मले मालूम नाई. मी काहून पाहू?"